एक्स्प्रेस फीडर पावसात सारखा ट्रिप होतो, जॅकवेलशी फोन लागत नाही: आधी कशाला हात घालायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धरणाच्या फुगवट्यावर जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर आणि तिच्यावरचे पंपघर, तिथून ९ किलोमीटरची ३०० मिलिमीटर व्यासाची रायझिंग मेन, म्हणजे पंपाने पाणी वर चढवायची नळी, पुढे जलशुद्धीकरण केंद्र आणि त्याच टेकडीवरची एमबीआर, म्हणजे सगळ्या गावांची मुख्य टाकी, आणि तिथून उताराने २६ गावांच्या टाक्या. जॅकवेलसाठी ११ केव्हीचा १२ किलोमीटर लांबीचा एक्स्प्रेस फीडर, म्हणजे उपकेंद्रापासून फक्त याच योजनेसाठी ओढलेली लाइन. जून लागला की तो आठवड्यातून तीन-चारदा ट्रिप होतो, म्हणजे उपकेंद्रातला ब्रेकर पडून बंद होतो. लँडलाइन कधीचीच बंद आहे आणि जॅकवेलवर मोबाइलची रेंज लहरी. गावात पाणी आले नाही की सरपंचांचे फोन थेट तुम्हाला. समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत, एक मोठा जनरेटर आणि दुसरा स्काडा (पंप आणि टाक्यांची स्थिती दूरवरून पडद्यावर दाखवणारी संगणक यंत्रणा), आणि त्यातले आधी काय घ्यावे हे तुम्ही विचारले आहे.

माझे मत सांगून टाकतो: तूर्त दोन्ही बाजूला ठेवा. लाइनची नीट देखभाल आणि निरोपाची पक्की व्यवस्था यांवर होणारा खर्च या दोन्हींच्या मानाने किरकोळ आहे. तो केला नाही तर जनरेटरचे आणि स्काडाचे पैसे पाण्यात जातील.

कारण असे की तुम्ही वीज किती वेळ गेली ते मोजता आहात. मोजायचे आहे ते पाणी किती वेळ गेले. पंपघराच्या लॉगबुकात लिहिलेले असते, '१०.४० सप्लाय फेल, १०.५५ सप्लाय आला'. बैठकीत साहेब म्हणतात, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे! पण पंप परत कधी सुरू झाला आणि एमबीआरमध्ये पाणी पडायला कधी लागले, हे रकाने बहुतेक लॉगबुकांत नसतातच. तुमच्या रायझिंग मेनमध्ये साधारण ६ लाख ३६ हजार लिटर पाणी मावते. पंपाजवळचा रिफ्लक्स व्हॉल्व (पाणी उलटे येऊ न देणारा) नीट बसत नसेल तर वीज जाताच चढावरचे पाणी उलटे जॅकवेलमध्ये उतरू लागते आणि एअर व्हॉल्वमधून नळीत हवा शिरते. तुमचा पंप सेकंदाला ५० लिटरचा, म्हणजे ताशी १ लाख ८० हजार. नळी अर्धी रिकामी झाली असेल तर ती नुसती भरायला पावणेदोन तास, पूर्ण रिकामी झाली तर साडेतीन तास. वीज पंधरा मिनिटांत आली, पण ऑपरेटर चहाला गेला होता, त्याला कोणी कळवले नाही, आणि पाऊण तासाने पंप सुरू झाला, तर त्या दिवशी शेवटच्या गावांची पाळी गेलीच म्हणून समजा.

म्हणून लाइनवर जाण्याआधी एक काम पंपघरातच करा. पंप बंद करा आणि शाफ्टकडे बघत उभे राहा. तो उलटा फिरू लागला आणि डिलिव्हरीच्या गेजचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या नळीवरच्या दाबमापकाचा, काटा खाली खाली येत राहिला, तर रिफ्लक्स व्हॉल्व गळतो आहे. त्याची दुरुस्ती लाइनच्या कुठल्याही कामापेक्षा स्वस्त आहे. आणखी एक गोष्ट, वीज अचानक गेली की नळीतले पाणी पुढे-मागे हेलकावे खाते, त्याचा दणका व्हॉल्वला आणि सांध्यांना बसतो. झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व किंवा एअर व्हेसल असेल तर तो बराच सोसला जातो. तरीही सप्लाय आला रे आला की बटण दाबू नका. शाफ्ट थांबू द्या, गेजचा काटा स्थिर होऊ द्या, मग डिलिव्हरीचा स्लुइस व्हॉल्व जवळपास बंद ठेवून पंप चालू करा आणि हळूहळू उघडा. 'सप्लाय वारंवार जातो म्हणून पाइप फुटतात' ही तक्रार मी खूप ऐकली आहे. त्यातली निम्मी फूट घाईने केलेल्या स्टार्टची असते.

आता लाइनकडे. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि पहिली परिस्थिती कागदाची आहे: लाइन कोणाची? तुमची योजना १९९७ पूर्वीची असेल तर मूळ करार महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळाच्या नावाने असेल, कारण जीवन प्राधिकरण हे नाव त्या वर्षी आले. समोरचा पक्ष राज्य वीज मंडळ असेल, ज्याचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण झाली. मधल्या काळात योजना जिल्हा परिषदेकडे किंवा समितीकडे आली. इतक्या हस्तांतरांत फाइल गहाळ होते आणि दोन्हीकडचे लोक 'ती लाइन त्यांची' असे म्हणत राहतात. तुमचे मीटर कुठे आहे ते आधी पाहा. मीटर उपकेंद्रात असेल तर १२ किलोमीटरमध्ये होणारी विजेची गळतीसुद्धा तुमच्या बिलात येते आहे, आणि देखभालीची जबाबदारीही तुमचीच निघण्याची शक्यता जास्त. मीटर पंपघरात असेल तर बोलणी वेगळ्या पायावर होतात. काही झाले तरी करार काढा आणि देखभाल कोणाची, झाडछाटणी कोणाची, सामान कोणाचे हे उपविभागीय अभियंत्यांकडून लेखी घ्या. हे काम मार्चमध्ये करायचे. जूनमध्ये त्यांच्याकडे तुमच्यासाठी माणूस नसतो आणि त्यात त्यांची काही चूकही नाही.

दुसरे, तुमचा एक्स्प्रेस फीडर खरोखर एक्स्प्रेस आहे का? कागदावर असतो. लाइनखालून चालत गेलात की कधी कधी वाटेत एखादी डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसवलेली सापडते. कोणाची तरी निकड होती, कोणाचा तरी शब्द होता, आणि 'तात्पुरती' म्हणून बसवली गेली. मग त्या डीपीवरच्या शेतीपंपांचा प्रत्येक फॉल्ट तुमच्या फीडरवर येतो. अशी डीपी सापडली तर भांडू नका. फोटो आणि खांब क्रमांक लिहून अर्ज द्या, आणि ती हलेपर्यंत निदान तिच्या डीओ फ्यूजची (जळाला की खाली लोंबणाऱ्या खांबावरच्या फ्यूजची) तार योग्य मापाची आहे ना ते बघायला सांगा. त्या जागी जाड तार बांधलेली असेल तर खालचा फॉल्ट तिथे न थांबता थेट उपकेंद्राचा ब्रेकर पाडतो.

आता तुमच्या मुख्य दुखण्यावर येतो, लाइन नेमकी का ट्रिप होते. उपकेंद्राच्या ऑपरेटरशी ओळख ठेवा आणि प्रत्येक ट्रिपनंतर त्याला एकच गोष्ट विचारा: रिलेचा (दोष ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राचा) कुठला फ्लॅग पडला, अर्थ फॉल्टचा (वीज जमिनीत उतरली) की ओव्हरकरंटचा (तारांतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला)? ते, वेळ, हवा कशी होती, आणि परत चार्ज केल्यावर टिकला की पुन्हा पडला, या चार गोष्टी एका वहीत लिहा. महिनाभराची वही हातात आली की अर्धे निदान खुर्चीत बसून होते.

पहिल्या सरीला किंवा रिमझिम सुरू होताच अर्थ फॉल्ट, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर लाइन मुकाट्याने टिकते, असा नमुना असेल तर इन्सुलेटर पाहा. उन्हाळाभर चिनीमातीवर धूळ बसते. पहिल्या ओलीत तिचा चिखलाचा पातळ थर होतो आणि त्यातून वीज खांबाकडे वाट काढते. मोठा पाऊस तोच थर धुऊन टाकतो. दुसरे कारण तडा. उन्हाने तापलेल्या चिनीमातीवर पाणी पडले की जुने इन्सुलेटर तडकतात. हा तडा खालून दुर्बिणीतूनही दिसत नाही. इन्सुलेटर उतरवून हातात घ्या, उलटा करा, घेराच्या आतल्या बाजूला केसाएवढी रेघ दिसेल आणि रेघेच्या कडेने तपकिरी डाग असेल. कोरडा असताना मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) लावला तर तो पास होतो. बादलीत बुडवून काढा आणि पुन्हा मेगर करा, आकडा कोसळतो. म्हणूनच पावसातला फॉल्ट ऊन पडल्यावर शोधणाऱ्याला सापडत नाही. तो येतो, लाइन 'ओके' लिहितो आणि निघून जातो. कोकणातल्या खाडीकाठच्या लाइनचे गणित निराळे आहे. तिथे धुळीच्या जागी मीठ बसते आणि त्रास पावसाळा संपल्यावर, थंडीतल्या दवात होतो. तिथे जास्त क्रीपेज लांबीचे (ज्यांच्या पृष्ठभागावरून विजेला लांबची वाट पडते असे) इन्सुलेटर घ्या किंवा पॉलिमरचे घ्या.

वारा सुटला की ओव्हरकरंट आणि लगेच चार्ज केला की टिकतो, असे असेल तर तारा एकमेकींवर आपटताहेत. म्हणजे झोल जास्त आहे, किंवा मधला खांब कलला आहे, किंवा स्टे (खांबाला जमिनीशी ताणून धरणारी तार) सैल झाला आहे. काळ्या मातीत हे फार होते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांबाला थोडे थोडे ढकलते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूजल खारे म्हणून वान आणि काटेपूर्णेचे पाणी प्रादेशिक योजनांनी खेड्यापाड्यांत न्यावे लागते, तिथे मैलोन्मैल असलीच जमीन आहे. अशा ठिकाणी खांब सरळ करून नुसती माती लोटू नका. पायाशी मुरूम आणि दगड ठासून भरा, शक्य तिथे काँक्रीट करा, आणि स्टेचा अँकर खोल घ्या.

हवा शांत, आभाळ कोरडे, दोन्ही पंप चालू आणि एक फेज गेली, असे असेल तर सैल जंपर (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा) किंवा क्लॅम्प. भार वाढला की सांधा तापतो, ॲल्युमिनियम मऊ होऊन आणखी सैल होते आणि शेवटी जंपर जळून तुटतो. थर्मल कॅमेरा भाड्याने मिळाला तर उत्तम. नाहीतर अंधार पडल्यावर पूर्ण भारावर लाइनखालून फिरा, तापलेला सांधा लालसर दिसतो. रिमझिमीच्या संध्याकाळी फिरलात तर खराब इन्सुलेटरचा 'स्स्स' असा आवाज कानाला कळतो आणि कधी निळसर ठिणगीही दिसते. पहाटेच्या ट्रिपमागे बहुधा वानर, घुबड किंवा डीपी स्ट्रक्चरवर चढलेला साप असतो. खांबाखाली मेलेले पाखरू पडलेले दिसले तर तो खांब लिहून ठेवा.

ही फेरी पायी करायची, मोटरसायकलवरून नाही, कारण लाइन रस्त्याने जात नाही. दोघांनी जावे. खांबांवर रंगाने क्रमांक टाका आणि प्रत्येक खांबाची एक ओळ लिहा. झाडांत सुबाभूळ आणि निलगिरी ही वेगाने तारेपर्यंत पोहोचतात, वेळूचे बेट तर एका पावसाळ्यात. स्टेवरून चढणाऱ्या वेलींकडे कोणी बघत नाही, पण ओली वेल क्रॉस आर्मपर्यंत (खांबावरच्या आडव्या दांड्यापर्यंत) गेली की अर्थ फॉल्ट ठरलेला. उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात. तारेखालची आग आणि धूर यांनी लाइन पडते आणि तार कमजोर होते ती वेगळीच. अशा शेतकऱ्यांना आधी जाऊन भेटा. झाड तोडतानाही तसेच: सुबाभळीला कोणी हरकत घेत नाही, पण आंब्याची एक फांदी विचारल्याशिवाय तोडलीत तर पुढची पाच वर्षे त्या शेतातून तुम्हाला शिडी नेता येणार नाही!

बारा किलोमीटरच्या लाइनवर मध्ये एकही एबी स्विच (लाइनचा तुकडा वेगळा करायचा खांबावरचा स्विच) नसेल, तर फॉल्ट शोधायला अख्खी रात्र जाते. साधारण चौथ्या आणि आठव्या किलोमीटरवर, जीप पोहोचेल अशा जागी स्विच बसवून घ्या. मग तुकडे पाडून लाइन चार्ज करता येते आणि फॉल्ट कुठल्या तुकड्यात आहे ते तासाभरात कळते. जमल्यास तिथेच फॉल्ट दाखवणारे इंडिकेटर लावा, लुकलुकणारा दिवा पाहून पुढे जायचे की मागे ते ठरते. तुमच्या पैशातून यंदा एकच गोष्ट करायची असेल तर मी हे स्विच म्हणेन. आणि पिन इन्सुलेटर, डिस्क, पीजी क्लॅम्प, जंपरची तार, डीओची फ्यूज तार आणि एक-दोन क्रॉस आर्म एवढे सामान जॅकवेलवरच कुलपात ठेवा. तालुक्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेले सामान रात्री दोन वाजता नसल्यासारखेच.

पंपघराच्या यार्डात थोडक्यात पाहायचे ते असे. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी झाली? गुलाबी असेल तर हवेतली ओल तेलात जाते आहे. वापरातल्या तेलाची बीडीव्ही चाचणी (तेल विजेचा किती दाब सोसते ते पाहायची) पावसाळ्याआधी करा, अडीच मिलिमीटरच्या गॅपवर ३० केव्हीच्या खाली आले तर तेल फिल्टर करून घ्या. लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या यंत्राचा) अर्थ स्वतंत्र हवा. अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, हे खरे दुखणे आहे. सह्याद्रीत दोन फुटांवर कातळ लागतो, उन्हाळ्यात पिट कोरडा पडतो आणि पहिली वीज कडाडते ती पावसाळ्याआधीच्या वळवात, म्हणजे नेमक्या कोरड्या पिटवर. पंपाच्या ग्लँडमधून ठिबकणारे पाणी नाहीतरी वाया जाते, त्याची बारीक नळी अर्थपिटमध्ये सोडा. पिट बारमाही ओला राहतो. ही युक्ती मला पुस्तकातून नाही, ऑपरेटरकडून मिळाली. मोजमाप मात्र अर्थ टेस्टरनेच करा, ओलावा पाहून समाधान मानू नका. आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारे यंत्र) बायपास केलेला आहे का ते स्वतः पॅनेल उघडून बघा. 'सारखा ट्रिप करतो' म्हणून तो बाजूला काढलेला असतो, आणि मग ज्या दिवशी एक जंपर तुटतो त्या दिवशी मोटर जळते.

आता फोन. वीजवाहिनी आणि निरोपाची वाहिनी ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच कामाचे दोन भाग आहेत. जुन्या योजनांत पंपघर आणि टाकी यांच्यामध्ये हँडल फिरवून घंटी वाजवायचा मॅग्नेटो टेलिफोन असे, स्वतःच्या खांबांवर किंवा कधी कधी विजेच्याच खांबांवर खाली ओढलेल्या दोन तारांवर. बोलताना कानात गुंगाट यायचा, कारण वरच्या ११ केव्हीचा प्रभाव समांतर जाणाऱ्या तारेत उतरतो. फॉल्टच्या वेळी तर धोकादायक दाब येऊ शकतो. म्हणूनच ११ केव्ही आणि त्यावरच्या लाइन दूरसंचार तारांजवळून नेताना पीटीसीसीची, म्हणजे वीज आणि दूरसंचार यांच्या समन्वय समितीची, मंजुरी घ्यावी लागते आणि तारा एकमेकींना ओलांडतात तिथे गार्डिंग बांधावे लागते. तुमच्या खांबांवर अशी जुनी टेलिफोनची तार अजून लोंबत असेल तर परमिट (लाइन बंद ठेवल्याचे उपकेंद्राचे लेखी पत्र) घेऊन ती काढून टाका. मेलेली तारही तुटून जिवंत तारेवर उडते.

त्याच खांबांवरून नवी निरोपवाहिनी न्यायचीच असेल तर तांब्याची नको, धातू अजिबात नसलेली एडीएसएस ऑप्टिक फायबर घ्या. तिच्यात वीज उतरत नाही आणि आकाशातली वीजही तिच्या वाटेने यंत्रात घुसत नाही. अर्थात खांबमालकाची परवानगी आणि खालून जमिनीपासूनचे अंतर हे आलेच. शुद्धीकरण केंद्र गावाजवळ असेल तर आधी ग्रामपंचायतीत भारतनेटची (केंद्राच्या गावोगावी इंटरनेट पोचवायच्या योजनेची) फायबर आली आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ती येऊन पडलेली असते.

जॅकवेलसाठी मात्र मी फायबरपासून सुरुवात करणार नाही. आधी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेऊन छतावर, जिन्यात आणि जॅकवेलकडे जाणाऱ्या पुलावर रेंज मोजा. खोऱ्यात तळाशी रेंज नसते, पण त्याच इमारतीच्या छतावर लोखंडी नळीवर बाहेरची अँटेना लावून ती खाली आणता येते. तिला भिंतीवर बसवायचा सिमकार्डचा टेबलफोन जोडा. हा फोन पंपघराचा, ऑपरेटरच्या खिशातला नाही. ऑपरेटर बदलला, त्याचे रिचार्ज संपले किंवा तो रजेवर गेला तरी पंपघराचा नंबर तोच राहतो. कुठलीच रेंज नसेल तर व्हीएचएफ वायरलेस हा जुना पण भरवशाचा मार्ग आहे, त्याला केंद्राच्या वायरलेस नियोजन विभागाचा परवाना लागतो. नुसती टाकीची पातळी आणि पंप चालू की बंद एवढेच कळवायचे असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. या पट्ट्यातली छोटी यंत्रे समोरासमोर दृष्टी असेल तर काही किलोमीटर चालतात. तुमची एमबीआर डोंगरावर आहे, म्हणजे तुम्हाला आयती उंची मिळाली आहे.

यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते ज्या बॅटरीवर चालते ती. वीज गेली हे सांगणारा फोन विजेवरच चालत असेल तर उपयोग काय? आणि हे इतक्या ठिकाणी असते की मी पंपघरात गेलो की आधी चार्जरचा एमसीबी पाडून बघतो. निरोपाच्या यंत्राला स्वतंत्र १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि छोटे सौर पॅनेल द्या, आणि महिन्यातून एकदा चार्जर बंद करून ते रात्रभर टिकते का ते पाहा. गावच्या उंच टाकीवर वीज नसते, तिथेही हीच जोडी चालते. दोन इमारतींमध्ये फ्लोट स्विचची किंवा सेन्सरची तांब्याची केबल असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा. एकाच टोकाला लावलेला वाचतो आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र जळते.

आणि निरोपाची शिस्त. उपकेंद्र, जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र, एमबीआरचा व्हॉल्वमन, या चौघांचे नंबर चारही ठिकाणी भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी, सगळे सुरळीत असले तरी, जॅकवेलने केंद्राला फोन करायचा: पंप किती चालू, गेज किती, व्होल्टेज किती. ठरलेला फोन आला नाही तर अर्ध्या तासात माणूस निघायचा. वीज गेली की ऑपरेटरने आधी उपकेंद्राला, मग केंद्राला कळवायचे, आणि केंद्राने व्हॉल्वमनला. म्हणजे एमबीआर कमी असताना तो सगळ्या गावांना एकदम पाणी सोडणार नाही, शेवटच्या गावांसाठी राखून ठेवील. सरपंचांचे निम्मे फोन इथेच कमी होतील, कारण लोक पाणी उशिरा आल्याने जेवढे चिडतात त्याहून जास्त कोणीच काही न सांगितल्याने चिडतात.

मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे ऑटो स्टार्टर शेतकऱ्यांकडे सर्रास असतात, म्हणून समितीत कोणीतरी तेच सुचवील. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीला ते ठीक. ९ किलोमीटरच्या रायझिंग मेनवर, वीज आली की आपोआप चालू होणारे यंत्र म्हणजे मी वर सांगितलेला दणका स्वतःहून मागवणे. वीज आल्याची सूचना यंत्राने द्यावी, पंप माणसाने चालू करावा.

राहिला जनरेटर. ५० लिटर सेकंदाला, १०० मीटर हेड (पंपाने पाणी जेवढे उंच चढवायचे ते) आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर एका पंपाला जवळपास ७० किलोवॅट लागतात. जनरेटर त्याच्या कितीतरी वरचा घ्यावा लागतो, कारण मोटर सुरू होताना ओढते ते फार. डिझेलच्या एका लिटरमागे साडेतीन युनिट मिळतात असे धरा, म्हणजे एका पंपासाठी तासाला २० लिटर. पंधरा मिनिटांच्या ट्रिपसाठी हा कोणी चालू करत नाही आणि दोन दिवसांच्या ब्रेकडाउनला डिझेलची तरतूद पुरत नाही. तुमचे हेड वेगळे असेल तर आकडे बदलतील, पण निष्कर्ष सहसा बदलत नाही. शुद्धीकरण केंद्रावर क्लोरिन डोसिंग, दिवे आणि फोन यांच्यासाठी लहान जनरेटर मात्र जरूर घ्या. धरणातून उचल करायला पर्यायी ११ केव्ही सप्लाय मिळत असेल, तर जनरेटरचे पैसे तिकडे वळवा.

स्काडाला माझा विरोध नाही. पण रिफ्लक्स व्हॉल्व गळका, अर्थपिट कोरडा आणि बॅटरी मेलेली अशा अवस्थेत बसवलेला स्काडा पहिल्या वळवाच्या विजेत जातो आणि वर्षभर पडदा काळा राहतो. आधी वर्षभर वहीत नोंदी ठेवा, म्हणजे कुठली मापे पडद्यावर हवीत ते तुमचे तुम्हालाच कळेल आणि पुरवठादार सांगेल तेवढे सगळे घ्यावे लागणार नाही.

एक गोष्ट निक्षून सांगतो. तुम्ही लिहिले आहे की 'गावातला एक पोरगा डीओ टाकून देतो'. हा झिरो वायरमन आजच थांबवा. लाइनवर हात लावणारा माणूस परवानाधारक आणि अधिकृत केलेलाच हवा. उपकेंद्राचे परमिट लेखी, घेणाऱ्याच्या नावासकट हवे. फोनवर 'बंद केली, चढा' यावर कोणी चढायचे नाही, आणि तुमचा फोन लागत नाही म्हटल्यावर तर अजिबातच नाही. एबी स्विच उघडल्यावर तिन्ही पाती सुटली का ते डोळ्यांनी बघायचे, एखादे चिकटून राहते. मग डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थ करायच्या, कारण वाटेतल्या त्या 'तात्पुरत्या' डीपीवर कोणाचा तरी जनरेटर चालू असेल तर वीज खालून उलटी येते. परमिट परत करताना माणसे मोजायची, अर्थ काढले का पाहायचे, मगच सही. यात वीस मिनिटे जास्त जातात, जाऊ द्या.

पुढचे नेमके सांगायला मला काही माहिती लागेल. पुढच्या दोन-तीन ट्रिपच्या वेळचे रिलेचे फ्लॅग आणि हवा. मीटर उपकेंद्रात आहे की पंपघरात. तार वीझल आहे की रॅबिट (ही तारेच्या मापांची नावे), आणि खांब सिमेंटचे की लोखंडी. लाइन उसातून जाते की डोंगरातून. पंप बंद केल्यावर दहा मिनिटांत डिलिव्हरी गेजचा काटा किती खाली येतो. हे शेवटचे तर आज संध्याकाळीच बघता येईल, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.